दोन मिलिमीटर वरून

१०. वस्तरा कानाला लागला तो कापताना नव्हे. डावा गाल साफ झाला होता, उजव्यावर फेस तसाच होता, आणि सलूनवाल्याचा हात माझ्या तोंडासमोरून डावीकडून उजवीकडे चालला होता. त्या वाटेवर कापायचं काही नव्हतं, नुसतं पलीकडे जायचं होतं. तो आपल्या मेव्हण्याच्या जुन्या गाडीबद्दल सांगत होता, गाडी ढकलायला माणसं लागतात म्हणून मेव्हण्याने शेजाऱ्यांशी पुन्हा बोलणं सुरू केलंय वगैरे, आणि गाडी ढकलता ढकलता वस्तऱ्याचं टोक माझ्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला टेकून गेलं. फार नाही. हाय म्हणावं इतकंही नाही. आरशात बारीक लाल ठिपका उमटला, आणि तो म्हणाला, "कापला नाही साहेब, नुसती चौकशी केली कानाची." मग तुरटी. तुरटी झोंबायच्या आधीच लक्षात आलं. हात उचलला नाही याने. एका जागचं काम झाल्यावर दुसऱ्या जागी जाण्याआधी हात उचलायचा असतो. आणि काल संध्याकाळी मीही तो उचलला नव्हता.

२०. मी धातू कापणाऱ्या मशीनला चाली लिहून देतो. कटर कुठून निघेल, किती खोल जाईल, किती वेगाने सरकेल, कुठे वळेल, हे सगळं आकड्यांत. लोकांना वाटतं कापणं म्हणजे काम. कापणं निम्मंच. उरलेलं निम्मं कापायला जाणं आणि कापून परत येणं. कापताना कटर मुंगीच्या पावलाने चालतो, पण हवेतून जाताना मशीन त्याला मिनिटाला वीस मीटरने फेकतं, कारण हवेत अडायला काय आहे? म्हणून आधी वर उचलायचं, मग आडवं न्यायचं, मग खाली. मी पूर्वी पन्नास मिलिमीटर उचलायचो. मग मालकांनी हातात घड्याळ धरून मशीनसमोर उभं राहायला सुरुवात केली आणि एक दिवस म्हणाले, "झीरोसाहेब, तुमचं मशीन कापतं कमी आणि आकाशात फिरतं जास्त." मी पन्नासचे दोन केले. दोन मिलिमीटर. प्लेट वाइसच्या जबड्यात धरलेली असते, जबडा खाली, प्लेट वर डोकावणारी, तिच्या डोक्यावर कुणी नाही. दोन मिलिमीटर वर म्हणजे मोकळं मैदान. एका प्लेटमागे अकरा सेकंद वाचले. मालक खूश झाले आणि मी त्यांच्याहून खूश, कारण पडद्यावर ती चाल आता नीट काढलेल्या भांगासारखी दिसत होती. आमच्यात प्रत्येक ओळीला नंबर देतात, तोही दहा, वीस, तीस असा. मध्ये काही राहून गेलं तर पंचवीस घालता यावं म्हणून. माणसाचं काहीतरी राहणारच, हे कुणीतरी फार पूर्वी ओळखून ठेवलेलं आहे.

३०. मामा म्हणजे आमचे ऑपरेटर. माझे मामा नव्हेत, सगळ्यांचेच मामा. साठीला टेकलेले. मला झीरो हे नाव त्यांनीच दिलं, कारण मी जो दिसेल त्याला 'झीरो घेतला का' असं विचारतो, म्हणजे मोजायला कुठून सुरुवात करायची तो बिंदू मशीनला दाखवला का. मामांना आकड्यांची भाषा येत नाही, पण मशीन येतं. ते बघत नाहीत, ऐकतात. मशीनच्या सरकत्या दारातून डोकं आत घालायचं, मान तिरकी, उजवा कान कटरकडे, आणि आवाजावरून सांगायचं की धार गेली, की जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, हलतोय. दार उघडं असलं की मशीन थांबावं म्हणून दाराला एक स्विच असतो, त्याची लोखंडी जीभ दाराबरोबर येऊन खाचेत बसते तेव्हाच मशीन चालतं. सहा महिन्यांपूर्वी मामा म्हणाले, "दार लावलं की मला बहिऱ्यासारखं होतं रे." मी ती जीभ दारावरून काढली आणि कायमची खाचेत खुपसून ठेवली. मशीनला वाटतं दार लागलेलं आहे. काल संध्याकाळी मी आजची सुट्टी टाकून बॅग खांद्याला लावून निघालो होतो, नव्या प्लेटचा प्रोग्राम मशीनमध्ये भरून झाला होता, तेव्हा मामा हातात टेप घेऊन म्हणाले, "ही रुंद आहे झीरो, वाइसात मावत नाही. उद्या टेबलावर ठेवून क्लॅम्प मारतो." मी म्हणालो, "मारा की." एवढंच. क्लॅम्प म्हणजे लोखंडी जाड पट्टी, तिचं नाक प्लेटवर दाबून बसवायचं, वरून बोल्ट, बोल्टवर नट. प्लेटपेक्षा तीस मिलिमीटर उंच. ड्रॉइंगमध्ये क्लॅम्प नसतो. ड्रॉइंगमध्ये फक्त जे बनवायचं आहे तेच असतं. ते कशाने धरून ठेवायचं हे त्यात कुणी काढत नाही. प्लेटमध्ये सहा पॉकेट, म्हणजे सहा चौकोनी खड्डे, तीन अलीकडे, तीन पलीकडे. तिसरा संपला की कटर दोन मिलिमीटर वर येतो आणि प्लेटच्या कडेकडेने चौथ्याकडे सुटतो. त्या कडेच्या मधोमध मामा पहिला क्लॅम्प मारतील. मीही तिथेच मारला असता.

४०. सलूनमधल्या घड्याळात दहाला आठ कमी. मी फोन काढला. शॉपमध्ये, म्हणजे आमच्या कारखान्यात, कामावर फोन नेऊ देत नाहीत, सगळ्यांचे फोन दाराशी पेटीत पडलेले असतात, तेव्हा मामांना लावून उपयोग नव्हता. मालकांच्या केबिनमध्ये लावला. त्यांनी उचलला. काम लागलं का विचारलं. लागलं असेल म्हणाले. ठेवला.

५०. उरलेली दाढी राहू दे म्हटल्यावर सलूनवाला बघत राहिला. "कानाचं एवढं मनावर घेतलंत?" मी टॉवेलने फेस पुसला, उजव्या गालावरची कालची खुंटं ओलीच राहिली, आणि रस्त्यावर आलो. रिक्षा दिसेना. चालत गेलं तर वीस मिनिटं, पळत गेलं तर बारा, आणि मी बावीस वर्षांत पळालेलो नाही. हिशेब करत पळत होतो. शॉप नऊला उघडतं. प्लेट साफ करणं, क्लॅम्प मारणं, अर्धा तास. झीरो घ्यायला दहा मिनिटं. नऊ चाळीस. मामा त्यानंतर एकदा हात पुसतात, चष्मा पुसतात, नऊ पंचेचाळीस. एका पॉकेटला चार मिनिटं. तिसरा संपतो नऊ सत्तावन्नला. बटण दहाला दाबलं असेल तर दहा बाराला. आणि आज मामांना सर्दी असेल, उशीर झाला असेल, पाना सापडत नसेल. पाना सापडत नसू दे. फुटपाथवर फळ्या टाकल्या होत्या, एक बाई बाळाची गाडी ढकलत होती, एका दुकानदाराने अर्धं दुकान बाहेर मांडलं होतं, आणि मी प्रत्येकाला अडखळत होतो, कारण मी मनात इथून शॉपपर्यंत सरळ रेघ ओढली होती आणि या रेघेवर कुणीच नव्हतं. बायको हेच म्हणते. "तू चालतोस ना, तेव्हा घरात माणसं आहेत हे धरतच नाहीस." आमच्या घरात कप फुटतो तो माझ्या हातून, पाणी पिताना नव्हे, कप ठेवायला जाताना. उलट माझी आई. बाबा शेवटची दोन वर्षं खाटेवर होते. खाट पुढच्या खोलीत, बरोबर मधोमध. ते गेले, खाट कुणाला तरी देऊन टाकली, त्याला आता चार वर्षं झाली. आई अजून स्वयंपाकघरातून खिडकीपाशी जाताना त्या खाटेला वळसा घालून जाते. मोकळ्या फरशीवरून, अर्धवर्तुळात. मी एकदा हसून म्हणालो, आई, सरळ जा ना, आता काय आहे तिथे? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सवय आहे रे." मी तेव्हा मनातल्या मनात तिच्या फेऱ्यातली सेकंदं मोजली होती. खरंच मोजली होती.

६०. फोन पुन्हा लावला. वाजला, वाजला, कुणी उचलला नाही. केबिनमध्ये मालक बसलेले असतात तेव्हा तिसऱ्या घंटेला उचलतात. पुन्हा लावला. पुन्हा नाही. चौथ्यांदा लावणार तर हातातच वाजला. बायको होती. "बाराला शाळेत पोचायचंय, लक्षात आहे ना? दाढी झाली?" "अर्धी." "अर्धी म्हणजे?" "उरलेली नंतर." "पळतोयस का तू?" "हो." "का?" मी म्हणालो, शॉपमध्ये जाऊन येतो, पाच मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, "शिक्षकांसमोर अर्ध्या दाढीने बसू नकोस म्हणजे झालं, पोरीला आधीच कमी लाज वाटते का तुझी." एरवी मी हसलो असतो. फोन खिशात टाकला आणि मंगळवार आठवला. आठवला म्हणजे काय, तो आत बसलेलाच होता, फक्त आता उठून समोर आला. मामांची एक रीत आहे. नवा प्रोग्राम आला की पहिली फेरी हवेत. कटर जॉबपासून वीतभर वर धरून सगळी चाल एकदा नुसती चालवून बघायची, कशालाही न लागता, हात वेगाच्या चकतीवर. मशीन हवेतच खड्डे काढतं, हवेतच कड फिरवतं, आणि मामा कान देऊन उभे. वीस-पंचवीस मिनिटं जातात. मंगळवारी मालक घड्याळ घेऊन आलेले, दोन गिऱ्हाइकं सोबत, आणि मामांनी माझा प्रोग्राम हवेत लावलेला. गिऱ्हाइकांपैकी एकाने विचारलं, हे कापत का नाहीये? दुसरा म्हणाला, "मशीनची रंगीत तालीम चाललीय." सगळे हसले. मी हसलो नाही. मी मामांना म्हणालो, सगळ्यांदेखत, "माझा प्रोग्राम हवेत चालवायचा नाही मामा. भरवसा नसेल तर हाताने कापा." मामांनी चष्मा वर केला. "बरं," म्हणाले. चकतीवरचा हात काढला आणि पँटला पुसला. त्यानंतर तीन प्रोग्राम गेले, एकही हवेत चालला नाही. मामा शब्दाला पक्के. एखाद्याने त्यांना सांगावं, इथे उभे राहा, तर ते उभे राहतात. तेच डोकं दारातून आत, मान तिरकी, उजवा कान कटरपासून हातभर. कार्बाइडचा कटर वाकत नाही. लोखंडाला वेगात भिडला की काचेसारखा फुटतो, आणि त्याचे तुकडे कुठे जातील हे कुठल्याही ओळीत लिहिलेलं नसतं.

४५. हे वर घालायचं राहिलं. राहिलं म्हणजे मीच राहू दिलं. मालकांनी फोन उचलला तेव्हा म्हणाले, "बोला झीरोसाहेब, सुट्टीतही चैन नाही का?" वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मशीन थांबवा. दोनच शब्द. पण मशीन थांबवा म्हटलं की का, हा प्रश्न येतो, आणि का म्हटलं की मी चुकलो, आणि मी चुकलो म्हटलं की मंगळवार. केबिनमध्ये आणखी कुणीतरी बोलत असल्याचं ऐकू येत होतं, कदाचित तीच गिऱ्हाइकं. मी म्हणालो, "सहज. काम लागलं का नव्या प्लेटचं?" ते म्हणाले, "लागलं असेल. थांबा, विचारतो." मग टकटक ऐकू आलं. मालकांच्या बोटात जाड अंगठी आहे, शॉपमधल्या कुणाला काही विचारायचं तर ते केबिनच्या काचेवर अंगठी वाजवतात. टक टक टक. "मामा, कुठवर आलं?" आणि मी म्हणालो, "नको, राहू द्या, राहू द्या," आणि मामांचं उत्तर यायच्या आत फोन ठेवला. तेवढ्यात सलूनवाला म्हणाला, "मान जरा वर, साहेब." मी वर केली. त्याने वस्तरा टेकवलाच होता, तेव्हा मी त्याचा हात धरला.

७०. शॉपच्या गल्लीत वळलो तेव्हा आवाज ऐकायला थांबलो. छातीतला आवाज थांबेना, त्यामुळे बाहेरचा ऐकू येईना. आमचं मशीन चालू असलं की कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत त्याची घरघर येते, अंगात ताप असल्यासारखी. आज नव्हती. कॉम्प्रेसरची होती, पलीकडच्या लेथची होती, आमची नव्हती. दहा वाजून सहा मिनिटं. बंद आहे म्हणजे अजून लागलेलं नाही. किंवा लागून गेलं. दोन्ही वेळी शांतता सारखीच असते. मला आठवतंय, मी त्या गल्लीत चक्क हळू चालू लागलो. पळत आलो होतो इतका वेळ, आणि आता शेवटचं चाळीस पावलांचं अंतर मी चालत गेलो, कारण जोवर दारातून आत जात नाही तोवर दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्यातली एक मला हवी होती. दाराशी फोनची पेटी. त्यात मामांचा जुना, रबर लावलेला फोन. आत सगळे मशीनभोवती. पाठीच पाठी. त्या पाठींमध्ये मी मामांची शोधत होतो, खाकी, डाव्या खांद्याला झुकलेली, आणि ती दिसेना. मग कुणीतरी बाजूला झालं. मामा उलट्या डब्यावर बसले होते. चष्मा हातात. दोन्ही डोळे उघडे, दोन्ही कान जागेवर. मी एक, दोन असं मोजलं, लहान मूल मोजतं तसं.

८०. क्लॅम्पचं नाक उडालेलं होतं. कटर नव्हता, नुसता बुंधा, कटर फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये, दातासारखा तुटलेला. प्लेटची कड फाटली होती. आणि दारासमोरच्या पत्र्याच्या कपाटात, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, कटरचा नखाएवढा तुकडा आरपार घुसून बसला होता. कपाटावर हजेरीचा कागद चिकटवलेला होता, त्याच्या मधोमध. मालक मला बघून पुढे आले. माझा खांदा धरला. असं त्यांनी कधी धरलेलं नाही. "तुमचा फोन आला म्हणून," ते म्हणाले, "नाहीतर आज..." फोन धरून त्यांनी काचेवर टकटक केली, कुठवर आलं विचारलं, आणि मामांनी उत्तर द्यायला दारातून डोकं बाहेर काढून त्यांच्याकडे वळवलं. त्याच क्षणी. "तिसरं झालं, एवढं म्हणाले बघा, आणि ठो." मी घड्याळ मनात फिरवलं. दहाला आठ कमी. म्हणजे मी सलूनमध्ये फोन ठेवला तेव्हाच सगळं होऊन गेलं होतं. मी रस्ताभर जे पळालो ते झालेल्या गोष्टीच्या मागे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाजलेला फोन कुणी उचलला नाही तो म्हणून. मालक इतरांना सांगत होते, "अर्धी दाढी टाकून पळत आलाय माणूस. याला म्हणतात कामाची काळजी. आत काहीतरी वाटलं असणार याला, म्हणून फोन केला." कुणीतरी मला पाणी दिलं. कुणीतरी म्हणालं, देव असतो हो. सगळे माझ्या उजव्या गालाकडे बघत होते, न केलेल्या दाढीकडे, जणू तो पुरावा होता. होताच. फक्त कशाचा, हे मलाच माहीत होतं. आणि मी गप्प राहिलो तर ते कधीच कुणाला कळणार नव्हतं. प्रोग्राममधला दोनचा आकडा मला तिथल्या तिथे पन्नास करता आला असता, मामांना आकडे वाचता येत नाहीत, मालकांना फक्त सेकंदं. क्लॅम्प उंच होता मामा, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मामा तेही ऐकून घेणारे. बरं, म्हणाले असते.

मामा डब्यावरून माझ्याकडे बघत होते. "फोन कशाला केलास रे झीरो?"

"काम लागलं का ते विचारायला," मी म्हणालो.

"एवढंच?"

"नाही. थांबवा म्हणायला केला होता. म्हटलं नाही." पाण्याचा ग्लास कुठे ठेवावा कळेना, हातातच राहिला. "काल तुम्ही क्लॅम्पचं बोललात ना, तेव्हाच चूक होती. आज दाढी करताना लक्षात आली. फोनवर सांगायची लाज वाटली."

मालकांचा हात खांद्यावरून निघाला. एकदम नाही, हळूहळू, आधी बोटं, मग तळवा. "म्हणजे?" ते म्हणाले. लेथवाला आपल्या लेथकडे गेला. मग बाकीचेही एकेक करून.

९०. मामांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मला वाटलं आता काहीतरी येईल, जे आयुष्यभर कानात राहील, आणि मी त्यासाठी तयार होऊन उभा राहिलो. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, कपाटापाशी गेले आणि पक्कडीने तो तुकडा ओढून काढला. निघता निघेना. काढून माझ्या शर्टाच्या खिशात टाकला, सुट्टे पैसे टाकावेत तसा. मग नवा कटर लावला. फाटलेली प्लेट तशीच टेबलावर होती, उडालेल्या क्लॅम्पच्या जागी त्यांनी दुसरा मारला, तिथेच, त्याच बोल्टवर. "लाव," म्हणाले. मी पडद्यासमोर बसलो. पन्नास लिहायला बोट पुढे केलं तर म्हणाले, "ते नंतर. आधी आहे तसाच लाव. हवेत." त्यांनी झीरो वीतभर वर घेतला. मग माझा दंड धरून मला दारापाशी उभं केलं, जिथे ते उभे राहतात तिथे, फरशीवर त्यांच्या बुटांनी गुळगुळीत झालेल्या दोन जागा आहेत, तिथे. "डोकं आत घाल." घातलं. "मान वाकडी. तशी नाही. उजवा कान." आत कटर गार ठेवणाऱ्या कूलंटचा वास होता, थंड, थोडा आंबट. खाचेत मी खुपसलेली जीभ तशीच होती, मशीनला अजूनही दार लागलेलंच वाटत होतं. मामांनी बटण दाबलं. कटर फिरू लागला आणि काहीही न कापता पहिला खड्डा काढू लागला, हवेत, मुंगीच्या पावलाने, मग दुसरा. बारा मिनिटं. शाळा आठवली, बायको आठवली, आणि मग काहीच आठवेना, नुसता तो आवाज, भुंग्यासारखा, आणि मला कळेना मामा इतकी वर्षं यात काय ऐकतात. तिसरा संपला. कटर दोन मिलिमीटर उचलला गेला, तेवढाच, डोळ्यांना दिसलाही नाही, आणि कडेने सुटला. क्लॅम्पच्या डोक्यावरून वीतभर वर. माझ्या गालापासून अर्ध्या हातावरून. वारा लागला, डाव्या साफ गालाला नाही, उजव्या खुंटांना, आणि कानाची ती कड पुन्हा झोंबली. मी डोकं मागे घेतलं. मागे मामांचा तळवा होता, माझ्या मानेवर, रुंद, तेलकट. ढकलत नव्हता. नुसता होता.

"तीन अजून आहेत," मामा म्हणाले.

मी डोकं पुन्हा आत घातलं.